टॅरिफ रेट कोटा: आकड्याआधी वाटपाची पद्धत वाचा

प्रश्न असा आहे: साखर, दूध पावडर, तांदूळ, पोलाद अशा संवेदनशील मालावर सरकारं नुसतं आयात शुल्क लावून का थांबत नाहीत? कोटा आणि शुल्क एकत्र आले की बाजारभाव कसा ठरतो? आणि अशा कोट्याखाली माल आणणाऱ्याचं काम नेमकं कुठे अडतं?

अधिसूचना हातात आली की बहुतेक जण दोन आकडे वाचतात, कोटा किती आणि दर किती. पैसा मात्र तिसऱ्या गोष्टीवर ठरतो: कोटा कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तारखेच्या हिशेबाने मिळतो. खालचं सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

आधी तीन प्रकार वेगळे करून घेऊ. साधं शुल्क आयात महाग करतं, पण किती माल यावा हे बाजारावर सोडतं. निव्वळ कोट्यात प्रमाणाला कडक मर्यादा असते. ती संपली की पैसे मोजायची तयारी असली तरी माल बाजारात उतरत नाही; तो बाँडेड गोदामात (शुल्क न भरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली) ठेवायचा, परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. तिसरा प्रकार टॅरिफ रेट कोटा, म्हणजे टीआरक्यू. यात ठरावीक प्रमाणापर्यंत कमी दर लागतो आणि त्यापुढच्या मालावर चढा. पुढचा माल येऊ शकतो, फक्त महाग पडतो.

कायद्याच्या नजरेत हा फरक फार मोठा आहे. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचं कलम ११ काही अपवाद सोडता प्रमाणबंदीला मनाई करतं. टीआरक्यू हा दोन पायऱ्यांचा शुल्कदर धरला जातो, म्हणून तो चालतो. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराखाली देशांनी शेतमालावरचे जुने कोटे आणि बंद्या शुल्कात बदलल्या. हे बदललेले शुल्क कित्येक ठिकाणी इतके चढे निघाले की आयात शून्यावर आली असती. त्यामुळे किमान प्रवेशाची अट घातली गेली: १९८६ ते ८८ या काळातल्या खपाच्या ३ टक्क्यांपासून सुरुवात करून ५ टक्क्यांपर्यंत वाट मोकळी करायची. शेतमालाच्या कोट्यांचे आकडे आजच्या मागणीशी जुळत नाहीत, याचं एक कारण हेच. ते जुन्या खपावर आणि वाटाघाटींवर बेतलेले आहेत. अमेरिकेची कच्च्या साखरेची किमान बांधिलकी ११,१७,१९५ टनांची आहे, तर जपानची तांदळाची पॉलिश केलेल्या तांदळाच्या हिशेबाने ६.८२ लाख टनांची.

कोट्याबाहेरचे दर पाहिले की हेतू लगेच कळतो. कॅनडात लोण्यावर २९८.५ टक्के, चीजवर २४५.५ टक्के. जपानमध्ये तांदळावर किलोमागे ३४१ येन. असे दर महसुलासाठी ठेवत नाहीत. त्या दराने माल येऊच नये, अशी अपेक्षा असते.

आता भावाचं गणित. बंदरात पोचलेल्या मालाची किंमत १०० धरा, कोट्यातला दर १० टक्के, बाहेरचा ६० टक्के. म्हणजे कोट्यातला माल ११० ला पडतो आणि बाहेरचा १६० ला. इथून तीन शक्यता निघतात. देशात मागणी कमी असेल आणि कोटा भरतच नसेल, तर भाव ११० च्या आसपास राहतो. कोटा हा त्या वेळी नावापुरता असतो, खरं काम कोट्यातला दर करतो. मागणी इतकी असेल की कोटा भरून वर ६० टक्के देऊनही लोक माल आणतात, तर भाव १६० ला टेकतो आणि सूत्रं कोट्याबाहेरच्या दराकडे जातात. तिसरी स्थिती मधली: कोटा पूर्ण भरलेला, पण बाहेरचा दर परवडत नाही. इथे भाव ११० ते १६० च्या मध्ये कुठेही असतो आणि तो कोट्याच्या प्रमाणावर ठरतो. कोटा वाढवल्याने देशातला भाव लगेच आणि थेट हलतो तो याच स्थितीत. दुसऱ्या स्थितीत सरकारने कोटा थोडा वाढवला, तर ग्राहकाला काडीचाही फरक पडत नाही. कोटाधारकाचा नफा तेवढा वाढतो. ‘कोटा वाढवला तरी भाव का उतरत नाहीत’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

एकाच मालाची स्थिती बदलूही शकते. २०२५ मध्ये जपानमध्ये तांदळाचे भाव आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाले. एरवी ज्या ३४१ येनांपुढे कोणी फिरकत नसे, तेवढे भरूनही खासगी आयात परवडू लागली.

इथे दराचा प्रकारही बघायला हवा. शुल्क टक्क्यांत आहे की वजनावर? अमेरिकेत कोट्याबाहेरच्या कच्च्या साखरेवर मूळ शुल्क पौंडामागे १५.३६ सेंट आहे. जागतिक भाव २० सेंट असताना हे ७६.८ टक्के होतं, आणि भाव १२ सेंटवर आला की १२८ टक्के. म्हणजे वजनावरचं शुल्क मंदीत आपोआप कडक होतं आणि तेजीत ढिलं पडतं. टक्क्यांतलं शुल्क उलट वागतं: मंदीत दर तोच राहतो आणि संरक्षणाची रक्कम घटते. म्हणून संवेदनशील मालावर सरकारांना वजनावरचं किंवा ‘दोन्हींपैकी जे जास्त ते’ असं शुल्क आवडतं. टक्के लावायचे ते कोणत्या किमतीवर, हेही देशागणिक बदलतं. बहुतेक देश भाडं आणि विमा धरून, म्हणजे सीआयएफ किमतीवर आकारतात. अमेरिका आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा वगळते. लांबच्या स्वस्त, जड मालात या एका गोष्टीने हिशेब बदलतो.

वरच्या उदाहरणात देशातला भाव १६० असेल, तर कोट्यात माल आणणाऱ्याला नगामागे ५० चा आयता नफा मिळतो. १०,००० नगांचा कोटा म्हणजे ५ लाख. हा पैसा उत्पादनातून आलेला नाही, निव्वळ कोट्याच्या हक्कातून आलेला आहे. तो कोणाच्या खिशात जाणार, हे वाटपाची पद्धत ठरवते. त्यामुळे प्रत्येक पद्धतीत वेगळी धडपड आणि वेगळा बिघाड दिसतो.

‘जो आधी येईल त्याला’ ही पद्धत दिसायला सोपी. युरोपीय संघात परवान्याविना चालणारे कोटे असेच वाटले जातात: आयात घोषणापत्र सीमाशुल्क खात्याने ज्या तारखेला स्वीकारलं, त्या तारखेच्या क्रमाने. बोट बंदरात कधी लागली, हे धरत नाहीत. एकाच तारखेच्या मागण्या शिल्लक कोट्यापेक्षा जास्त झाल्या तर सगळ्यांना सम प्रमाणात वाटप. कोटा ९० टक्के वापरला गेला की तो ‘क्रिटिकल’ ठरतो आणि कोट्याबाहेरच्या शुल्काच्या फरकाएवढी हमी आधी भरावी लागते. ही हमी खेळत्या भांडवलात धरलेली नसेल, तर माल बंदरात आणि पैसा बँकेत अशी कोंडी होते. या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे पहिल्या दिवसाची झुंबड. आयातदार आधीच माल आणून बाँडेड गोदामात ठेवतात आणि कोटा उघडला की एकाच दिवशी कागद दाखल करतात. १०,००० टनांच्या कोट्यावर २५,००० टनांची मागणी आली तर प्रत्येकाला ४० टक्के. उरलेल्या ६० टक्क्यांचं काय करायचं, हे आदल्या महिन्यात ठरलेलं असायला हवं.

मागणीनुसार परवाने देण्याच्या पद्धतीत अर्ज फुगतात. १०० टन हवे असलेला ५०० चा अर्ज करतो, कारण अर्जात कपात होणार हे त्याला ठाऊक असतं. फुगवटा आवरायला अनामत आणि मागच्या आयातीची अट येते. दुसरा बिघाड म्हणजे तुकडे पडणं. २,००० टनांसाठी २०० पात्र अर्ज आले आणि सरळ भागाकार झाला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १० टन येतात. जड माल एका वीस फुटी कंटेनरमध्येच २० टनांहून अधिक बसतो. अर्ध्या कंटेनरसाठी कोणी जहाजभाडं भरत नाही. परवाने हस्तांतर करायला बंदी असेल, तर मागणी असूनही कोटा रिकामा राहतो.

मागच्या आयातीच्या प्रमाणात वाटप केलं की जुन्यांना स्थैर्य मिळतं आणि नव्याला दार बंद होतं. शिवाय पुढच्या वर्षीचा हिस्सा टिकवायला लोक तोट्यातही आयात करतात. लिलाव अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण आयता नफा सरकारकडे जातो. तरी तो फार थोडे देश वापरतात: आयातदारांना तो नको असतो आणि निर्यातदार देश त्याला आडून लावलेलं जादा शुल्क म्हणतात. पाचवा मार्ग सरकारी खरेदी संस्थेचा. जपान तांदळाचा बराच भाग असाच आणतो. त्यातला १ लाख टनांपर्यंतचा माल खरेदीदार आणि विक्रेता यांच्या जोडीने भरलेल्या निविदांतून येतो.

कोटा निर्यातदार देशांच्या हाती दिला तर नफाही सीमेपलीकडे जातो. अमेरिकेचा साखरेचा कोटा १९७५ ते ८१ च्या व्यापारावरून ठरलेल्या हिश्श्यांनी सुमारे ४० देशांत वाटला जातो, आणि निर्यातदार देशाने दिलेलं पात्रता प्रमाणपत्र नसेल तर कोट्यातला दर मिळत नाही. त्यातले काही देश आज साखर निर्यात करण्याच्या स्थितीत नाहीत, तरी हिस्सा त्यांच्या नावावर राहतो. मग वर्षाच्या मध्ये फेरवाटप करावं लागतं. हाच नियम सर्वांत ठळक दिसला तो १९८१ मध्ये. जपानने अमेरिकेला जाणाऱ्या मोटारी स्वतःहून वर्षाला १६.८ लाखांवर रोखल्या. नग मर्यादित झाल्यावर जपानी कंपन्यांनी महागड्या, जास्त सुविधांच्या गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि वाढीव किमतीचा लाभ त्यांनाच झाला. नगांवर कोटा असला की माल बहुधा वरच्या दर्जाकडे सरकतो, हे कुठल्याही मालात तपासून पाहा. असे ‘स्वेच्छेचे’ निर्बंध पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या सुरक्षा उपायांच्या (आयात अचानक वाढल्यावर देशी उद्योगासाठी लावलेल्या तात्पुरत्या निर्बंधांच्या) कराराच्या कलम ११ ने बंद केले.

वाटपाच्या अटींवरून देश एकमेकांना न्यायाधिकरणातही खेचतात. चीनचा गव्हाचा कोटा ९६.३६ लाख टन, मक्याचा ७२ लाख टन आणि तांदळाचा ५३.२ लाख टन. २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने या कोट्यांचं प्रशासन पारदर्शक, अंदाज बांधता येईल असं आणि न्याय्य नाही, असा निष्कर्ष काढला. आकड्यांवर वाद नव्हता. ते तर चीननेच मान्य केले होते. कॅनडाने दुग्धजन्य पदार्थांच्या कोट्याचे मोठे भाग देशातल्या प्रक्रियादारांसाठी राखून ठेवले होते. अमेरिकेच्या तक्रारीवरचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला आणि ते राखीव भाग अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातल्या व्यापार कराराविरुद्ध ठरले. कॅनडाने पद्धत बदलली, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या पॅनेलने त्याच्या बाजूने कौल दिला. २०१३ च्या बाली निर्णयानंतर शेतमालाचा कोटा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरत असेल तर वाटपाच्या पद्धतीबद्दल जाब विचारण्याची सोयही झाली आहे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात वर्गीकरणापासून करा. एचएस कोडचे, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाचे, पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, कोटा मात्र देशाच्या आठ किंवा दहा अंकी ओळीला चिकटलेला असतो. एका टक्क्याने स्निग्धांश बदलला किंवा पत्र्याची जाडी बदलली की माल शेजारच्या ओळीत जातो. मोठ्या व्यवहारात सीमाशुल्क खात्याचा आगाऊ निर्णय लेखी घ्या. कोटा चुकवायला मिश्रणाची युक्ती करणाऱ्यांचा शेवट बरा होत नाही. अमेरिकेत साखरेत मळी मिसळून तो माल सिरप म्हणून आणायचा, आत साखर वेगळी काढायची आणि मळी परत पाठवायची, असा प्रकार काही वर्षं चालला. सीमाशुल्क खात्याने वर्गीकरण बदललं आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्याला दुजोरा दिला.

मग उगम. देशवार वाटलेल्या कोट्यात माल कुठून जहाजात चढला यापेक्षा तो कुठे तयार झाला हे धरलं जातं, आणि सवलतीच्या करारांत बऱ्याचदा थेट वाहतुकीचीही अट असते. पोलादात तर याच्याही मागे जातात: जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने युरोपीय पोलादाला वर्षाला ३३ लाख टनांचा कोटा दिला, तेव्हा पोलाद युरोपीय संघातच वितळवून ओतलेलं असण्याची अट होती. बाहेरून स्लॅब (पोलादाच्या जाड लाद्या) आणून तिथे लाटलेला पत्रा त्यात बसत नव्हता. ही व्यवस्था मार्च २०२५ मध्ये संपली.

कोटा वर्षाचा आहे की तिमाहीचा, न वापरलेला भाग पुढे जातो की बुडतो, हे वेगळं लिहून ठेवा. कोटा वर्ष कॅलेंडरप्रमाणेच असेल असं नाही. अमेरिकेचं साखरेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. परवान्याचा कोटा असेल तर जागतिक व्यापार संघटनेचा आयात परवाना करार तुमच्या बाजूने काही गोष्टी देतो: अर्जासाठी किमान २१ दिवस, आलेल्या क्रमाने निकाल असेल तर ३० दिवसांत, सगळे अर्ज एकत्र विचारात घ्यायचे असतील तर ६० दिवसांत निर्णय. कागदातल्या किरकोळ चुकीसाठी अर्ज फेटाळू नये आणि सुट्या मालात भरताना होणाऱ्या किरकोळ वजनफरकासाठी माल अडवू नये, हेही त्यात आहे. पत्र लिहिताना या तरतुदींचा उल्लेख केला की टेबलावरचा अधिकारी जास्त लक्ष देतो.

मिश्र खर्चाचा हिशेब सौदा करण्याआधी मांडा. ५०० टनांची खेप, टनाला १,००० किंमत, दर १० आणि ६० टक्के. कागद दाखल झाले त्या दिवशी कोट्यात ३२० टनच शिल्लक. तर ३२० टनांवर ३२,००० आणि १८० टनांवर १,०८,०००, एकूण १,४०,०००. सरासरी २८ टक्के. १० टक्के धरून विकलेल्या मालात हा फरक नफा खाऊन वर जातो. पर्याय म्हणजे ते १८० टन बाँडेड गोदामात पुढच्या कोट्यापर्यंत ठेवणं. टनामागे ५०० वाचतात, पण त्यातून गोदामभाडं, व्याज, भाव उतरण्याचा धोका आणि दूध पावडरीसारख्या मालात उरलेली मुदत वजा करा. शिवाय उघडण्याच्या दिवशी सम प्रमाणात कपात झाली तर पुन्हा पंचाईत.

कोट्यातला कमी दर फक्त मूळ आयात शुल्काला लागतो, हे हमखास विसरलं जातं. अँटी डंपिंग शुल्क (पाडलेल्या भावाने विकलेल्या मालावरचं), अनुदानाविरुद्धचं शुल्क आणि देशांतर्गत कर वेगळे राहतात, आणि ते कर बहुधा शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर बसतात.

अचानक लागणाऱ्या सुरक्षा उपायांची तयारी वेगळी. तात्पुरता उपाय जास्तीत जास्त २०० दिवस, पुढचा ४ वर्षं आणि वाढवून ८ वर्षांपर्यंत चालू शकतो. तो कोट्याच्या रूपात असेल तर नेहमीचं प्रमाण मागच्या तीन प्रातिनिधिक वर्षांच्या सरासरीखाली नसावं. विकसनशील देशाचा आयातीतला वाटा ३ टक्क्यांपर्यंत, आणि अशा सगळ्यांचा मिळून ९ टक्क्यांपर्यंत असेल, तर त्याला वगळावं लागतं. दुसरा पुरवठादार शोधताना ही अट उपयोगी पडते. परिणाम शेजारच्या मालावरही होतो, तेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये अमेरिकेने वॉशिंग मशीनवर पहिल्या १२ लाख नगांना २० टक्के आणि पुढे ५० टक्के शुल्क लावलं. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी ते जोडीने विकले जात असल्याने त्यांचेही भाव चढले.

वाटेत असलेल्या मालाचं काय, हे कलम अधिसूचनेत सर्वांत आधी शोधा. १ जानेवारी २००५ ला कापडाचे जुने कोटे जगभर संपले. त्याच जूनमध्ये युरोपीय संघ आणि चीन यांनी नव्या मर्यादा मान्य केल्या, पण दुकानदारांच्या ऑर्डरी आधीच गेलेल्या होत्या. काही प्रकारांचे कोटे आठवड्यांत भरले आणि ऑगस्टमध्ये कोट्यवधी कपडे युरोपच्या बंदरांत अडकले. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला. अडकलेल्या मालाचा काही भाग पुढच्या वर्षीच्या कोट्यातून वळता केला गेला.

म्हणून खरेदी करारात दोन ओळी हव्यातच. कोट्यातला दर न मिळाल्यास शुल्कातला फरक कोण सोसणार, आणि किती दिवसांत माल नाकारता येईल. विक्रेता डीडीपी (शुल्क भरून माल पोचता करण्याच्या) अटीवर भाव देत असेल तर शुल्क त्याच्या माथी असतं, पण आयातदार म्हणून घोषणापत्रावर नाव कोणाचं आहे ते पाहा. तिथे तुमचं नाव असेल, तर फरकाची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येईल.